गेट ते पोर्च: जुन्या काँक्रीटवर रेझिन आणि बारीक गिट्टीचा थर

आमच्या लेआउटमधली बरीच घरं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. गेटपासून पोर्चपर्यंत दहा फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी प्रत्येकाकडे आहे, आणि आता त्या सगळ्या सारख्याच दिसतात. वरचं सिमेंट झिजून गिट्टी डोकावते, मधून एक-दोन भेगा गेलेल्या, स्कूटर उभी राहते तिथे तेलाचा काळा डाग आणि कूलरचं पाणी गळतं तिथे पांढरे खारे ओघळ. असं काँक्रीट फोडून टाकायचं नसेल आणि त्यावर गट्टूही (पेव्हर ब्लॉक) नको असतील, तर रेझिन, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, आणि बारीक खड्यांचा थर हा एक चांगला मार्ग आहे.

एक मिस्त्री आणि तीन-चार माणसं हाताशी असली की हे काम घरच्या घरी होतं. माझं एकदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. फसलं ते घाईमुळे. फेब्रुवारीत ठरवलं आणि मार्चमध्ये घातलं. नागपुरात हे काम मेमध्ये सुरू करून डिसेंबर-जानेवारीत संपवायचं असतं. थर घालायला दोन दिवस पुरतात. बाकीचे महिने खालच्या काँक्रीटचा स्वभाव ओळखण्यात जातात, आणि पुढची सांगणीही त्याच क्रमाने आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

"रेझिन आणि गिट्टीचं फ्लोअरिंग" या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात. एकात काँक्रीटवर रेझिन पसरवतात आणि ते ओलं असतानाच वरून कोरडे खडे शिंपडतात. वाळल्यावर सुटे खडे झाडून घ्यायचे. ही झाली तीळ लावलेली बाजरीची भाकरी. जाडी दोन-तीन मिमी, स्पर्श खरखरीत, पाणी वरून वाहून जातं. दुसऱ्या प्रकारात खडे मिक्सरमध्ये रेझिनने माखून घेतात आणि तो गोळा १५ ते १८ मिमी जाडीत थापीने पसरवतात. हा मुरमुऱ्याचा लाडू. प्रत्येक खडा पाकाने शेजारच्याला चिकटलेला, पण मध्ये भोकं शिल्लक, म्हणून पाणी आत झिरपतं.

चारचाकी ये-जा करणार असेल तर मी लाडवाच्या बाजूचा. भाकरीतले तीळ काही वर्षांनी चाकाखाली निघायला लागतात आणि खालचं रेझिन उघडं पडतं. लाडवात तोच खडा पूर्ण जाडीभर असतो, त्यामुळे वरचा एखादा गेला तरी काही बिघडत नाही. इथून पुढे सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

रेझिन कोणतं घ्यायचं यात मात्र निवड नाही. उघड्या उन्हात अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनच लागतं. इपॉक्सी आणि स्वस्तातलं अ‍ॅरोमॅटिक पॉलियुरेथेन, दोन्ही उन्हाने पिवळी पडतात. माझ्या पहिल्या खेपेला एका विक्रेत्याने "उन्हाला काही होत नाही" म्हणून इपॉक्सीच दिलं होतं. पावसाळ्यापर्यंत गेटजवळचा भाग हळदीने माखल्यासारखा झाला आणि पोर्चच्या सावलीतला पांढरा राहिला. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर "अ‍ॅलिफॅटिक" हा शब्द स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मे: भेगांवर नजर

नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेकडे काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून फार जुना ग्नाइस. वर काळी माती, कुठे दोन फूट, कुठे माणूसभर. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. वरचं चार इंची काँक्रीट तिच्याबरोबर खाली-वर होतं आणि तडकतं. मुरमाचा भराव किती होता, पाणी किती मारलं होतं, सळई होती की नाही, यावर प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. शेजाऱ्याचं टिकलं म्हणून तुमचं टिकेलच असं नाही.

म्हणून मेमध्ये, माती सगळ्यात सुकलेली असताना, प्रत्येक भेगेवर दोन-तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पातळ पट्टी आडवी लावा. पावसाने भिजून गळू नये म्हणून वर प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. शेजारी कायमच्या मार्करने तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक खुणा करून त्यांच्यामधलं अंतर मोजून वहीत लिहिलं तर आणखी चांगलं. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा बघा. पट्टी शाबूत असेल तर ती भेग मेलेली आहे, भरून टाका आणि विसरा. पट्टी तुटली किंवा खुणांमधलं अंतर बदललं असेल तर भेग जिवंत आहे आणि ती वरच्या थरातून बाहेर येणारच. रेझिनचा थर कितीही चिवट असला तरी खालचा तुकडा हलला की तो त्याच रेषेत फाटतो.

त्याच महिन्यात हातोडी घेऊन काँक्रीटची सगळी पट्टी ठोकून घ्या, दर फुटावर एक ठोका. टणटण आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला तर तिथलं वरचं काँक्रीट सुटलंय किंवा खालची माती बसून पोकळी झालीय. तिथे खडूने गोल करा. असे गोल पट्टीच्या चौथ्या भागाहून जास्त झाले, किंवा दोन तुकड्यांमध्ये पायाला जाणवेल इतकी पायरी पडली असेल, तर हा नाद सोडा. माझ्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, खालचंच हालते तं वरून काऊन लावता?" मी ऐकलं नाही. अशा जागी गट्टूच बरे. खाली माती हलली तर गट्टू उचलून पुन्हा बसवता येतात, रेझिनचा थर तसा उचलता येत नाही.

दगड मेमध्येच का घ्यायचा

पॉलियुरेथेनचं पाण्याशी वैर आहे. ओलावा मिळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, रेझिन फेसाळतं, पांढुरकं होतं आणि पकड जाते. म्हणून खडे ठणठणीत कोरडे लागतात. भट्टीत वाळवलेले, सीलबंद २५ किलोच्या पिशव्यांत मिळणारे खडे घेणं सगळ्यात सोपं. तसे घेणार असाल तर नोव्हेंबरपर्यंत थांबलात तरी चालेल.

स्थानिक दगड वापरायचा असेल तर मात्र मेचं ऊन फुकट मिळतंय ते घ्या. पाचगावकडच्या क्रशरवरची काळी गिट्टी स्वस्त आहे, पण तिच्यात चुरी फार आणि बरेच तुकडे चपटे. चपटा तुकडा थापीखाली आडवा बसतो आणि पुढे चाकाखाली मोडतो. कन्हानच्या रेतीतून चाळून काढलेले गारगोटीचे गोल खडे जास्त चांगले. रामटेक-देवलापारकडे संगमरवराचे पट्टे आहेत, त्याचे पांढरे तुकडे देखणे दिसतात, पण संगमरवर मऊ असतो. कारच्या वाटेवर तो कडेच्या नक्षीपुरताच ठेवावा.

दोन आकार लागतात, २ ते ५ मिमी आणि १ ते ३ मिमी, आणि त्यांच्या जोडीला थोडी स्वच्छ बारीक रेती. धुऊन, माती पूर्ण निघून पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, गच्चीवर पत्र्यावर पसरा. ज्या गच्चीवर कुरडया-पापड वाळतात तिथे खडे पसरायला घरातून विरोध होईल, तो माझ्याकडेही झाला. नवतपाचे नऊ दिवस ऊन इतकं कडक असतं की खडे संध्याकाळीही हातात धरवत नाहीत. रोज खालीवर करा. वाळले की गार होऊ देऊन झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा. गोणीत ठेवलेत तर पावसाळ्यात सगळी मेहनत वाया जाईल.

वाळले की नाही हे तव्यावर कळतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बरोबर एक किलो खडे मोजा, तव्यावर दहा मिनिटं चांगले तापवा, गार करून पुन्हा मोजा. वजन घटलं तर अजून ओल आहे. हीच परीक्षा डिसेंबरात ड्रम उघडल्यावर पुन्हा करायची.

रंगाचं एक सांगतो. काळा बेसाल्ट ओला असताना सुंदर दिसतो आणि दुकानदार तो ओला करूनच दाखवतात. पण ४५ अंशांच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टाकून बघा. तापलेला थर थोडा मऊही पडतो. नागपुरात फिकट, मातकट किंवा बदामी रंगच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळा: पाणी कुठे जातं ते बघणं

शहरातल्या बऱ्याच लेआउटांत रस्ते सिमेंटचे झाले आणि होताना उंच झाले. पूर्वी घरातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्यावरचं घरात येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते संकट वेगळंच, पण साध्या तासाभराच्या सरीतही कित्येक कंपाउंडांची तळी होतात. तुमचा ढाळ घराकडे असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. गेटच्या आत रुंदीभर जाळीची नाली घालून ती बाजूच्या गटाराला किंवा शोषखड्ड्याला जोडणं हा त्यातला सोपा उपाय. तो काँक्रीट कापून करायचा असतो, म्हणून थर घालण्याआधीच.

वरचा थर पाणी पिणारा असला तरी खालचं काँक्रीट पीत नाही, आणि इथेच नवखे फसतात. खड्यांमधून उतरलेलं पाणी काँक्रीटवर येऊन थांबतं आणि तिथल्या उताराने सरकत जातं. खाली खोलगट जागा असेल तर वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी साचून राहतं, आणि रेझिनची काँक्रीटवरची पकड तिथून सुटायला लागते. त्यामुळे ढाळ काँक्रीटलाच हवा, ८० ला १ तरी. तीस फुटांच्या लांबीला साडेचार इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची लेव्हल घेतली की पाच मिनिटांत कळतं.

ऑगस्टमध्ये एक चांगली सर थांबली की खडू घेऊन बाहेर या आणि साचलेल्या प्रत्येक डबक्याच्या कडेने रेघ मारा. वाळल्यावर खडू पुसला जाईल, म्हणून तीच रेघ नंतर ऑइल पेंटने पक्की करा. या खुणा नोव्हेंबरमध्ये सोन्याच्या मोलाच्या ठरतात, कारण कोरड्या काँक्रीटवर तीन मिमीचा खोलगटपणा डोळ्यांना दिसत नाही.

काही जण सल्ला देतात की काँक्रीटला ड्रिलने आरपार भोकं पाडा, त्यांत गिट्टी भरा, पाणी खाली जाईल. खाली भरपूर मुरूम असेल तर हे चालतं. खाली काळी माती असेल तर तुम्ही तिला प्यायला पाणीच आणून देताय. ती फुगेल आणि तुमचाच स्लॅब उचलेल. खाली काय आहे ते माहीत नसेल तर कडेला फूट-दीड फूट खणून बघा. मी भोकं पाडली नाहीत, पाणी कडेच्या नालीत काढलं.

दिवाळीनंतर: काँक्रीट तयार करणं

इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं व्यर्थ. खडूने गोल केलेले पोकळ भाग छन्नी-हातोड्याने टणक लागेपर्यंत फोडून काढा, कडा सरळ कापा आणि पॉलिमर किंवा इपॉक्सी मॉर्टरने भरा. डबक्यांच्या जागाही त्यानेच लेव्हलला आणा. नेहमीच्या सिमेंट-रेतीचा मोठा पॅच घातलात तर तो २८ दिवस पिकू द्यावा लागतो, आणि पातळ कडेला तो सुटतो. मेलेल्या भेगा ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सुमारे १० मिमी रुंद-खोल करून, धूळ ओढून, इपॉक्सीने भरा.

जिवंत भेग असेल पण बाकीचं काँक्रीट मजबूत असेल तर तिला लपवू नका. त्या जागी सरळ रेषेत अ‍ॅल्युमिनियमची दुहेरी पट्टी बसवून वरच्या थरातही सांधा ठेवा आणि मध्ये लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरा. पट्टी नक्षीचा भाग वाटते आणि हालचाल तिच्यात जिरते. काँक्रीटमधले मूळ सांधेसुद्धा असेच वर आणायचे.

तेलाचे डाग धुवायला डीग्रीझर लावून ताठ ब्रशने घासा, पाण्याने धुवा, पुन्हा लावा. मग वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब जिरला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आत आहे. तीन-चारदा करूनही थेंब उभाच राहत असेल तर तेवढा भाग टाचे मारून काढून नवीन भरा.

मग सगळ्या काँक्रीटवर डायमंड कपचा ग्राइंडर. वरची कमजोर सिमेंटची साय, जुना रंग, शेवाळ, सगळं निघालं पाहिजे आणि हात फिरवल्यावर बारीक सँडपेपरसारखं लागलं पाहिजे. अ‍ॅसिडने धुण्याचा शॉर्टकट टाळा. ते कमीजास्त खातं आणि ओल मागे ठेवतं. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडता येत असेल तर भाड्याने तसाच घ्या. ही धूळ सिलिकाची आहे, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. मिस्त्री तोंडाला गमछा बांधतील, त्याने ही धूळ अडत नाही. नीट बसणारा एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क आणि गॉगल तुम्हीच आणून द्या आणि तुम्हीही घाला.

ओलीची परीक्षा सोपी आहे. दीड बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. आतून बाष्प धरलं किंवा काँक्रीट गडद झालं तर अजून थांबा. कूलर आणि बागेची नळी त्या दिवसांत बंद.

उंचीचा विचार याच टप्प्यावर. थर १८ मिमी जाड होणार, तर गेटच्या फाळक्याखाली तितकी जागा आहे का? सरकत्या गेटचा ट्रॅक बुडणार नाही ना? चेंबरची झाकणं तितकी वर उचलावी लागतील. पोर्चच्या लादीशी सांधा कसा येईल? माझं गेट घासायला लागलं आणि फाळका खालून कापावा लागला, तोही थर घातल्यानंतर, ठिणग्या नव्या थरावर उडत असताना. तुम्ही आधी कापा. मोकळ्या कडांना १८ मिमी उंचीची अ‍ॅल्युमिनियमची एल पट्टी स्क्रूने बसवा. तीच कड धरते आणि थापी फिरवताना जाडीचं मापही तीच देते.

हिशेब

तयार थराचं वजन १८ मिमी जाडीला दर चौरस मीटरला साधारण ३० किलो. दहा बाय तीस फूट म्हणजे ३०० चौरस फूट, सुमारे २८ चौरस मीटर. म्हणजे साडेआठशे किलो माल. एका घाण्यात २ ते ५ मिमीच्या तीन पिशव्या, १ ते ३ मिमीची एक आणि सव्वासहा किलो रेती, मिळून १०६ किलो, आणि त्याला सुमारे ७ किलो रेझिन. असे आठ-नऊ घाणे, छप्पन्न ते त्रेसष्ट किलो रेझिन. फुटकळ नासाडीसाठी दहा टक्के जास्त घ्या. कंपनीच्या पत्रकात वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. फक्त पैसे वाचवायला रेझिन कमी करू नका, खडे सुटतात. जाडी खड्याच्या मोठ्या आकाराच्या किमान अडीच-तीन पट असावी हा १८ मिमीमागचा नियम. पायी चालण्यापुरती वाट असेल तर १५ मिमी पुरते.

सगळे खडे आणि रेझिन एकाच लॉटचे आहेत हे आणतानाच बघा. दोन लॉटमधला रंगाचा फरक पिशवीत दिसत नाही, अंगणात दिसतो.

डिसेंबर-जानेवारी: घालण्याचा दिवस

नागपूरचा हिवाळा या कामासाठीच बनलाय. दिवसा २५ ते २८ अंश, आकाश मोकळं. मार्चमध्ये काय होतं ते मी भोगलंय. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन जवळजवळ दुप्पट वेगाने घट्ट होतं. माझा तिसरा घाणा मिक्सरमध्येच दगड झाला. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपिटीची भीती असते, ती वेगळीच. डिसेंबरात एकच शत्रू, दव. पहाटे काँक्रीट ओलं असतं, आणि रात्री पुन्हा पडणाऱ्या दवाच्या आत वरचा थर धरलेला हवा. म्हणून साडेनऊ-दहाला काँक्रीट हाताला कोरडं लागलं की सुरू करायचं आणि अडीच-तीनला थापी खाली ठेवायची. संध्याकाळी जमिनीपासून वर राहील असं ताडपत्रीचं छप्पर बांधा, थेट वर टाकू नका, चिकटेल.

आदल्या दिवशी प्रायमर. व्हॅक्यूमने शेवटची धूळ ओढून, रेझिनसोबत मिळणारा प्रायमर रोलरने पातळ, डबकं न साचवता लावा आणि ओला असतानाच वरून कोरडी बारीक रेती भुरभुरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी थराला पकड मिळते. सकाळी सुटी रेती झाडून घ्या.

काम वाटून द्या आणि मध्येच बदलू नका. एक माणूस रेझिन मोजणारा, एक मिक्सरवर, एक हातगाडीवर, दोघं थापीवर. मिक्सर उभ्या भांड्याचा, पाती फिरणारा हवा. काँक्रीटचा नेहमीचा गोल ड्रम खड्यांना नीट माखत नाही.

बादलीत रेझिनचे दोन भाग ड्रिलच्या पॅडलने अर्धा ते एक मिनिट ढवळा, कडेचं आणि तळाचं खरवडून. मिक्सरमध्ये खडे आधीच फिरत असू द्या, त्यावर रेझिन ओता. सगळे खडे ओले चमकायला लागले की शेवटी रेती टाका. एकूण तीन-चार मिनिटं. प्रत्येक घाण्याला तितकीच मिनिटं, घड्याळ लावून, कारण वेळ बदलली की छटाही बदलते. पाण्याचा थेंब कुठेच नको. घामाने निथळणारा हातसुद्धा मिश्रणावर झटकू नका.

पोर्चच्या टोकाकडून गेटकडे या, म्हणजे बाहेर पडायला वाट राहते. ढीग ओतून दातेरी फावड्याने १८ मिमीच्या थोडं वर पसरवा, मग स्टीलच्या थापीने दाबत सपाट करा. आधी दाबणं, नंतर घासून गुळगुळीत करणं. जास्त घासलं तर रेझिन वर येतं, चकाकी येते, भोकं बुजतात. गुळाचा पाक जसा हाताशी असतो तोवर लाडू वळून घ्यायचे, तसंच हे. थापी चिकटायला लागली की कापडावर थोडंसं सॉल्व्हंट घेऊन पुसा, थराच्या वर शिंपडू नका. जवळ विडी-सिगारेट नको, ही वाफ पेटते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ओली कड जिवंत ठेवणं. पुढचा घाणा मागच्याची कड घट्ट व्हायच्या आत येऊन भिडला पाहिजे. त्यासाठी मागचा घाणा पसरत असतानाच पुढचा मिक्सरमध्ये फिरत असतो. जेवणाची सुट्टी घ्यायचीच असेल तर पट्टी लावलेल्या सांध्यावर थांबा, मध्येच नाही. माझ्या पहिल्या खेपेत चहासाठी पंधरा मिनिटं थांबलो. ती रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली.

उतार असेल तर ओल्या थरावर बारीक काचेचा चुरा हलक्या हाताने भुरभुरा, पावसात पाय घसरत नाही.

हातात नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना गॉगल. कातडीवर रेझिन लागलं तर लगेच खायचं तेल चोळून पुसा आणि मग साबण लावा. दमा असलेल्या माणसाला या कामावर ठेवू नका, रेझिनमधल्या आयसोसायनेट या रसायनाची वाफ त्याला भोवते. ज्या डब्यात चुकून पाणी गेलंय त्याचं झाकण लावू नका, आत वायू साठून डबा फुटतो.

त्यानंतर

पायी चालायला आठ-दहा तास, कारला दोन दिवस. थंड रात्री आल्या तर तीन दिवस थांबा. कुत्र्या-मांजरांना मात्र कळत नाही, गेट आणि कंपाउंडची भोकं बंद करा. आमच्याकडे मांजराची चार पावलं कायमची उमटली आहेत.

सुरुवातीचे काही आठवडे उभ्या जागी स्टिअरिंग फिरवू नका. खरं तर नंतरही. चाक जागच्या जागी वळलं की तापलेल्या थरावर खडे उपटतात. कारला फूटभर पुढे-मागे होऊ देत वळवायची सवय घरातल्या सगळ्यांना लागायला वेळ लागतो.

रोज झाडू, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याचा फवारा. प्रेशर वॉशर वापरलात तर नोझल फूटभर दूर. कडुनिंबाची पानं भोकांत कुजू दिली तर शेवाळ धरतं. दिवाळीत अनार आणि चक्री या थरावर नकोत, काळा जळका ठिपका निघत नाही.

रांगोळीचा प्रश्न मात्र आधी कुणी सांगितला नव्हता. खड्यांच्या भोकांत रांगोळी उतरते, रेघ तुटक येते आणि झाडून निघत नाही. पायरीसमोर दोन बाय दोन फुटाची कोटा लादी थराच्या पातळीला बसवून घ्या, तीही एल पट्टीच्या चौकटीत, थर घालण्याआधी. आमच्याकडे ती नंतर कापून बसवावी लागली.

उरलेले दहा-पंधरा किलो खडे घट्ट ड्रममध्ये जपून ठेवा. उघडलेलं रेझिन ठेवून उपयोग नाही, ते डब्यातच घट्ट होतं, छोटा डबा लागेल तेव्हा नवा आणता येईल. पण तोच रंग, तोच लॉट पुन्हा मिळत नाही, आणि पाच वर्षांनी एखादा तुकडा बदलायची वेळ आली की ड्रममधले खडे शोधायला तुम्हीच गच्चीवर जाल.